नावं उघडेनात

"नावं उघडेनात, पद्माताई! एक नाव उघडंना!"

बिरनाळे अण्णा मंगल कार्यालयाच्या पायरीवरच मला सामोरे आले. डोक्याला गुलाबी फेटा, कोटावर 'सचिव' लिहिलेला झिरमिळ्यांचा बिल्ला, आणि फेट्याच्या कडेनं घाम खाली ओघळत होता. त्यांच्यामागे हॉल गच्च भरलेला दिसत होता. नटूनथटून आलेल्या मुली, कडक इस्त्रीचे शर्ट घातलेली मुलं, आणि दोघांपेक्षाही जास्त नटलेल्या त्यांच्या आया. सगळे स्टेजवरच्या पडद्याकडे बघत बसले होते आणि पडदा कोरा करकरीत होता.

पद्माताई! मला हसूच आलं. तीन वर्षांपूर्वी याच माणसानं माईकवरून मला "ओ बाई" म्हणून हाक मारली होती. गरज पडली की बाईची ताई व्हायला वेळ लागत नाही.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"आम्ही काय करतोय? या हॉलचं नेट गंडलंय. मॅनेजरला मगाधरनं शिव्या घालायलोय. पाहुणे यायची वेळ झाली, बाळ. बघ की जरा."

आता बाळसुद्धा झाले. मी चपला काढल्या आणि स्टेजकडे निघाले.

तेव्हा मी सांगलीत इनामदारांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं मशीन आमच्याच दुकानानं बसवलेलं. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स होतं, कारण 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर अण्णांनी पुढचं काही ऐकलंच नव्हतं. त्या रविवारी सकाळी इनामदारांचा फोन आला. म्हणाले, "त्या मंडळाचं नाव काढलं की तुझं डोकं फिरतं, माहितेय मला. पण माझ्या गुडघ्याला टाके आहेत. जाऊन ये बाई तेवढी." मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी शोधलं असतं. मी गेले ती अण्णांचं तोंड बघायला. त्या माणसावर मी डूख धरून होते आणि एकदा तरी त्याला घाम फुटलेला मला बघायचा होता.

यंदा अण्णांनी गावभर फलक लावले होते. 'डिजिटल मेळावा'. परिचय पुस्तिका नाही, छापील याद्या नाहीत, सगळं पडद्यावर. मुलामुलींची माहिती आणि फोटो मंडळाच्या साइटवर ठेवलेले. फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून ती पानं फक्त याच एका मशीनवरून उघडायची व्यवस्था होती. म्हणजे हे मशीन अडलं की मेळावा अडला.

स्टेजच्या कोपऱ्यात टेबलाशी मंडळाचे सहसचिव दुगे मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, भले आणि अतिउत्साही गृहस्थ. लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली दिसली.

"मास्तर, हे काय?"

"पूजा केली," मास्तर जरा लाजून म्हणाले. "आणि स्वच्छतापण."

"कसली स्वच्छता?"

"हे बघ, कार्य म्हटलं की आपण घर सारवतो, भांडी घासून ठेवतो. हे मशीन कितीतरी दिवस म्हणत होतं, अपडेट करा, अपडेट करा. म्हटलं, उद्या शुभकार्य आहे, यालापण नवं करून ठेवावं. काल संध्याकाळी दिलं दाबून. सगळं व्यवस्थित झालं, शेवटी 'झालं' म्हणून पण आलं."

"मास्तरांनी कालच माती खाल्ली होय!" अण्णा कडाडले.

"अहो, तुम्हीच म्हणाला, सगळं नवं पाहिजे!"

मी खुर्ची ओढून बसले. नेटचं चिन्ह नीट दिसत होतं. मास्तरांनी आपल्या फोनचं नेटही जोडून बघितलं होतं, मशीन चार वेळा बंद-चालू केलं होतं. मी साइटचा आकड्यांचा पत्ता टाकून हाक मारली. लगेच ओ आली. मग साइटचं नाव टाकून हाक मारली. उत्तर आलं, या नावाचं कुणी माहीत नाही.

कॉम्प्युटरला खरं म्हणजे नावं कळतच नाहीत, आकडे कळतात. आपण नाव लिहितो तेव्हा आत बसलेला एक प्रोग्रॅम ते नाव घेऊन बाहेर विचारून येतो, की बाबा, हे राहतात कुठं? पत्ता मिळाला की पान उघडतं. इथं नेट धडधाकट होतं, साइट जागी होती, फक्त तो पत्ता विचारून येणारा उठलाच नव्हता. कुणाकडं विचारायला जायचं हे ज्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं ती मी उघडली. अपडेटनं ती काढून तिच्या जागी नुसता एक दुवा ठेवला होता, आणि दुवा ज्या फाईलकडं बोट दाखवत होता ती जागेवर नव्हती. ती तयार करणारी सेवा अपडेटनंतर सुरूच झालेली नव्हती.

सेवा सुरू करायची, की झालं. एका ओळीची आज्ञा. मी ती टाइप केली आणि एंटरवर बोट नेलं.

"सापडलं का?" अण्णांनी मागून वाकून विचारलं. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. तोच वास.

"शोधतेय," मी म्हटलं, आणि बोट उचललं.

तीन वर्षांपूर्वी आई मला या मंडळाच्या मेळाव्याला घेऊन आली होती. माझा घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. मंडळाची रीत अशी, की कुमार-कुमारिका सकाळी, भरल्या हॉलसमोर, नावगाव घेऊन. घटस्फोटित, विधवा, विधुर जेवणानंतर. आणि आम्हाला नावं नाहीत. 'आर', म्हणजे रीमॅरेज, आणि पुढं आकडा. 'नाव गेलं की अब्रू गेली, म्हणून तुमच्याच सोयीसाठी,' असं अण्णा सांगत. मी 'आर सात' होते. आईनं माझ्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती आणि स्वतःची मोरपंखी साडी मला नेसवली होती.

जेवणानंतर कोण थांबतं? जिलेबी खाऊन लोक घरी गेले. मंडपवाले खुर्च्या दुमडून एकावर एक रचत होते. "आर सात," अण्णांनी पुकारलं. मी माईकपुढं गेले. "नमस्कार, माझं नाव पद्मजा..." एवढंच झालं आणि अण्णांनी माईकवाल्याला हात केला. आवाज गेला. "ओ बाई, आटपा आता, हॉल सोडायचाय," दुसऱ्या माईकवरून अण्णा म्हणाले. पुढच्या रांगेत आई एकटीच बसली होती. ती जोरात म्हणाली, "बोल गं. मला येतंय ऐकू." मी ती चार वाक्यं माझ्या आईला सांगितली. माझ्याच आईला, की मी बी.एस्सी. आहे आणि मला वाचनाची आवड आहे. घरी जाताना रिक्षात ती सारखी म्हणत होती, "चांगलं बोललीस हं." ते मी अण्णांना कधीच माफ केलं नाही. आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली, आणि माझा राग दुप्पट झाला.

तर आता तो माणूस माझ्या खुर्चीमागं उभा होता आणि त्याची अब्रू माझ्या एका बोटाखाली होती. एवढी आयती संधी सोडायला मी काही संत नाही.

"अण्णा, वेळ लागेल," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. अपडेटनं काय काय मोडलंय ते एकेक बघावं लागेल."

अण्णांचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मास्तरांनी स्वतःच्या अकलेनं माईक घेतला. "तांत्रिक अडचण आहे. तोपर्यंत ज्यांना परिचय द्यायचा आहे त्यांनी कृपया रांग करावी." झालं! सगळ्या आया एकदम उठल्या. आधी कुणाचा मुलगा यावरून स्टेजच्या पायरीवरच जुंपली. एकीचा पदर दुसरीच्या पर्समध्ये अडकला, एक मुलगा खाली पडला, आणि अण्णांना स्वतः खाली उतरून हात जोडावे लागले. रांग मोडली. पाहुणे आले, समाजातलंच एक बडं प्रस्थ, आणि पुढच्या सोफ्यावर बसून घड्याळाकडं बघायला लागले.

"चहा," शेजारून कुणीतरी म्हणालं.

अण्णांची मुलगी, केतकी. दारातल्या टेबलावर आल्यागेल्यांना बिल्ले वाटत बसलेली मी येताना बघितली होती. ती लग्न होऊन नाशिकला गेलेली. जवळजवळ दोन वर्षं माहेरीच होती. कुणी विचारलं, की अण्णा सांगत, जावई दुबईला आहेत. आता दुबईहून माणसं वर्षाकाठी तरी येतात, हे सगळ्या सांगलीला माहीत होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पण अण्णांच्या तोंडावर कोण बोलणार?

तिनं कप ठेवला, आणि लॅपटॉपवरची माझी ओळ वाचत उभी राहिली. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण माझं बोट कुठं थांबलंय ते तिला दिसलं.

"सापडलंय ना तुम्हाला?" तिनं हळूच विचारलं.

मी तिच्याकडं बघितलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "हो."

"मग?"

"मग काही नाही."

तिनं स्टेजखाली बघितलं. अण्णा पाहुण्यांपुढं कमरेत वाकून हसत होते. "तुम्ही आर सात होता ना? मी तेव्हा बाळंतपणाला आलेल्या बहिणीसोबत मागं बसले होते. जेवून निघालो आम्ही. तुमचं ऐकलं नाही."

"कुणीच नाही ऐकलं."

ती खुर्चीजवळ सरकली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात माझ्या कोर्टाचा निकाल लागला. अण्णा म्हणतात, अजून कुणाला सांगायचं नाही. आणि आज आरवाल्यांना बिल्ले वाटायला मलाच बसवलंय." तिच्या हातात त्या बिल्ल्यांची पिशवी होती. आर एक, आर दोन.

"आरवाल्यांची यादी कुठाय यंदा?" मी विचारलं. "साइटवर तर दिसली नाही."

"साइटवर कशी असेल? कुमारिकांच्या शेजारी आपली नावं नकोत म्हणून अण्णांनी वेगळी ठेवायला सांगितली. याच मशीनमध्ये आहे."

मी शोधलं. खरंच होती. शेवटच्या कोपऱ्यात एक फोल्डर, त्यात फोटो, नावं, शिक्षण, सगळं. त्याला नेटची गरज नव्हती, कुणाचा पत्ता विचारायची गरज नव्हती. मी एक पान उघडलं, ते क्षणात उघडलं. अण्णांनी ज्यांना घराबाहेर ठेवलं होतं, त्यांचंच तेवढं दार उघडं होतं. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं. त्या दिवशी मला खोटंही फार बोलावं लागलं नाही.

मी अण्णांना वर बोलावलं.

"एक यादी उघडतेय. तिच्यापासून सुरुवात करा, तोवर मी हे बघते."

अण्णांच्या जिवात जीव आला. "कुठली? इंजिनिअरांची?"

"आर."

"खुळी का काय तू?" अण्णा किंचाळलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शुभकार्याची सुरवात त्यांच्यानं? लोक काय म्हणतील? ते जेवणानंतर!"

"मग जेवणापर्यंत थांबा."

"पाहुण्यांना बाराला निघायचंय!"

"मग पाहुण्यांना तसं सांगा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा माझा चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटला. मशीन दुरुस्त करणारी म्हणून नाही, तशी मी त्यांना ठाऊक होतेच. त्या मोरपंखी साडीतली.

"आणि अण्णा," मी म्हटलं, "आकड्यानं नाही पुकारायचं. नावानं."

"ते कसं चालेल? त्यांचीच अब्रू..."

"त्यांना विचारून येते."

शेवटच्या रांगेत, पंख्याचा वारा पोचत नाही अशा जागी, ते सगळे बसले होते. इतके वाजेपर्यंत कुणी त्यांच्याकडं फिरकलंही नव्हतं. मी जाऊन सांगितलं, की आत्ता, सगळ्यांच्या आधी परिचय आहे, आणि नावानं बोलावलं तर चालेल का? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग हुल्ले नावाचे एक विधुर होते, एसटीत कंडक्टर, ते उठून उभे राहिले.

"अवो ताई, नाव ठेवलंय कशाला मग? बारश्याला आत्यानं कानात ओरडून सांगितलंय, ते काय लपवायला व्हय?"

सगळे हसले. एका मुलीनं मात्र मान हलवली, तिला नको होतं. तिला मी वगळलं. बाकीचे उठले.

मी परत आले तोवर पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघून झालं होतं. अण्णांनी फेटा सावरला, माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत शिवी होती, पण तोंडातून आली नाही. अडला हरी, दुसरं काय! ते माईकपुढं गेले.

"सुरुवात... आपण एक नवा पायंडा पाडतोय," ते म्हणाले. पाहुण्यांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. "पहिलं नाव... आर... " मी टेबलावरून खाकरले. "आर नाही. श्री. महावीर हुल्ले."

पडद्यावर हुल्ल्यांचा फोटो उमटला. ते कंडक्टरसारखेच दोन्ही पाय रोवून उभे राहिले. "बायको वारली. पोरगी नववीला हाय. मला भाकरी येतीया, कालवण येत न्हाई. खोटं सांगत न्हाई." हॉल खदखदून हसला, आणि मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "कालवण शिकवू की!"

मग एकेक जण आला. एक तलाठी. एक विधवा, शिवणकाम करणारी, जिनं फक्त एवढंच सांगितलं, की माझ्या मुलाला घेऊन येणार, त्याच्याशिवाय नाही. एक पंचविशीतली मुलगी, लग्न चार महिने टिकलेली, तीही बोलली. कुणाचा माईक गेला नाही. माईकवाला माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. प्रत्येक नाव अण्णांच्या तोंडून बाहेर पडताना जड होत होतं, दगड उचलल्यासारखं. मी प्रत्येक नाव ऐकलं. मला वाटत होतं, आई इथं पाहिजे होती.

पुढच्या रांगेतल्या एक-दोन आया नाकं मुरडत होत्या हेही खरं. पण बाकीचे ऐकत होते. दोन-तीन जणींनी पर्समधून कागद काढून कुणाचंतरी गाव लिहून घेतलेलंही मी बघितलं.

शेवटचं नाव झालं. अण्णांनी रुमालानं तोंड पुसलं. "पुनर्विवाह विभाग इथं संपतोय," ते म्हणाले. सुटलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आणि तेव्हा केतकी स्टेजवर चढली.

हातात बिल्ल्यांची पिशवी तशीच. ती माईकपुढं जाऊन उभी राहिली. अण्णांना वाटलं, काही सूचना असेल. ते बाजूला सरले. तिनं तोंड उघडलं, "नमस्कार. मी..." आणि पुढं शब्द फुटेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अण्णांची पोरगी. दुबईची. आरवाल्यांच्या मागं कशी आली?

अण्णांना कळलं. ते जवळजवळ पळतच माझ्या टेबलाशी आले. वाकले तेव्हा फेट्याचा शेव माझ्या खांद्यावर पडला.

"लाव," ते म्हणाले. "मोठी यादी लाव. पडद्यावर कायबी लाव, पण लाव."

"अजून उघडत नाही."

"तुला केव्हाच सापडलंय. मला काय दूधखुळा समजतेस? तीस वर्षं यार्डात हळद बघतोय, आणि माणसं बघतोय." त्यांचा आवाज चिरकला. "पोरगीचं वाटोळं होतंय, पद्मा. काय झालं-गेलं असंल ते माझ्यावर काढ. तिच्यावर नको. पाया पडतो तुझ्या."

खरंच त्यांचा हात माझ्या पायाकडं गेला. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्याच्या शब्दावर भाव फिरत, त्या माणसाचा. तीन वर्षं मी रात्रंदिवस हेच मागत होते, आणि आता ते मिळालं होतं. पुढं माझी आज्ञा लिहिलेली होती, एंटर तेवढं बाकी. दाबलं असतं तर पडद्यावर इंजिनिअर आणि डॉक्टर झळकले असते, टाळ्या वाजल्या असत्या, आणि केतकी पुन्हा दारातल्या टेबलावर जाऊन बसली असती. मी माईककडं बघितलं. ती तिथंच उभी होती, उतरली नव्हती. आणि ती अण्णांकडं बघत होती.

मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"अण्णा, मशीनला अजून नावं कळत नाहीत," मी म्हटलं. "तुम्हाला कळतात. तुम्ही सांगा."

ते सरळ झाले. मला वाटलं, मारतात आता. त्यांनी माईकवाल्याकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं. पाहुणे पुढं सरकून बसले होते. साऱ्या हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज होता. अण्णा चालत माईकपाशी गेले. त्या दहा पावलांत त्यांचं वय वाढलं.

"आर..." सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, आणि ते अडकले. तिला आकडाच दिलेला नव्हता.

"केतकी," ते म्हणाले. "केतकी वसंत बिरनाळे. माझी मुलगी." मग अगदी हळू, पण माईकवर सगळं ऐकू येतं, "हिचा घटस्फोट झालाय."

आवाज फाटला होता. मला तो कानाला गोड लागला. इतकी वर्षं झाली, अजून लागतो.

केतकीनं त्यांच्या हातातून माईक घेतला. आता तिला आवाज सापडला होता. ती एम.कॉम. आहे म्हणाली, नाशिकला काय सोसलं ते दोन वाक्यांत सांगितलं, कुणाचं नाव घेतलं नाही, आणि पुढं काय करायचंय ते मात्र सावकाश सांगितलं. अण्णा तिच्या शेजारी मान खाली घालून उभे होते. भरल्या हॉलसमोरून उतरून जायला त्यांना वाटच नव्हती.

मी निवांत चहा प्यायले. गार झाला होता. केतकीचं शेवटचं वाक्य संपलं, हुल्ल्यांनी मागून पहिली टाळी वाजवली, आणि मग मी एंटर दाबलं.